‘आम्ही कंपनीचे आहोत, सरकारचे नाही’ असं दवाखान्यात सांगितलं तर काय करायचं?

मागच्या अंकात आपण बोललो होतो की सरकारी दवाखान्यातल्या बऱ्याच सेवा आता ठेक्यावर चालतात, म्हणजे पैसे सरकारचे, जागा बहुतेक वेळा सरकारची आणि काम करणारी माणसं कुठल्या तरी कंपनीची नाहीतर संस्थेची. त्यावर इतके मेसेज आणि पत्रं आली की सगळ्यांना उत्तर देणं या पानांत बसणार नाही. सहा निवडलीत. नावं सगळ्यांचीच काढून टाकलीत, कारण काहींच्या घरचं माणूस अजून त्याच दवाखान्यात उपचार घेतंय. आणि दोघातिघांनी विचारलंय की तुम्हाला यातलं कसं काय माहिती, तर मी आठ वर्षं एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्यात फार्मासिस्ट होते, सुरगाणा-पेठ भागात, गाडी सरकारी ठेक्यावर चालायची, त्यामुळे हे सगळं मी ठेकेदाराच्या बाजूने बघितलेलं आहे.

प्रश्न : माझे वडील आठवड्यातून तीनदा सरकारी दवाखान्यात डायलिसिसला जातात. आधी चार तास मशीनवर ठेवायचे, आता सव्वातीन तासातच काढतात. विचारलं तर तिथली मुलगी म्हणाली, आम्ही कंपनीचे आहोत, तक्रार असेल तर कंपनीला फोन करा. फोन कोणी उचलत नाही. दवाखान्याच्या ऑफिसात गेले तर तेही म्हणतात ते युनिट कंपनीचं आहे. मी जाऊ कुठे?
– एक ताई, सातपूर

ताई, ती मुलगी खोटं नाही बोलत, तिचा पगार खरंच कंपनी देते, अपॉइंटमेंट लेटर कंपनीचं, आणि तिला स्वतःलाच कोणी कधी समजावून सांगितलेलं नसतं की आपण इथे कोणाच्या वतीने उभे आहोत, म्हणून तिच्यावर चिडू नका. चूक ऑफिसातल्या माणसाची आहे. त्याला माहिती असायला पाहिजे.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आणला, त्यात जिल्हा रुग्णालयांमधलं डायलिसिस खासगी भागीदाराकडून करून घ्यायचं असं ठरलं. जागा, वीज आणि पाणी सरकारने द्यायचं, मशीन, आरओ प्लांट, टेक्निशियन, डायलायझर म्हणजे रक्त गाळायचा फिल्टर, ट्युबिंग हे सगळं भागीदाराने आणायचं, आणि सरकार त्याला सेशनप्रमाणे पैसे देणार. काही ठिकाणी दवाखाना स्वतःच युनिट चालवतो, पण तुमच्याकडे कंपनी आहे म्हणून हे सांगतेय. पैसे सेशनमागे मिळतात हे नीट लक्षात घ्या. चार तासांचं एक सेशन आणि सव्वातीन तासांचंही एकच सेशन, बिलावर दोन्ही सारखेच दिसतात, आणि प्रत्येकाचा पाऊण तास वाचला तर दिवसाला एक पाळी जास्त बसते. तुमच्याकडे तसंच चाललंय असं मी म्हणत नाही. बीपी खाली गेलं, पेशंटला त्रास व्हायला लागला तर डॉक्टर मशीन लवकर काढायला सांगतात, ते बरोबरच असतं. पण रोजच लवकर काढत असतील तर वेळ कोणी कमी केली, का केली, हे लेखी विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आजपासून एक वही करा, दोनशे पानी साधी चालेल. मशीन लावल्याची वेळ, काढल्याची वेळ, आधीचं वजन, नंतरचं वजन, बीपी, डायलायझर नवीन होता की धुतलेला आणि धुतलेला असेल तर कितव्यांदा. आमच्या ओळखीच्या एक काकू नवऱ्यासाठी अशी वही ठेवायच्या, मागे पेन दोऱ्याने बांधलेलं, आणि त्यांनी ती वही नुसती मांडीवर उघडून बसायला सुरुवात केली त्या आठवड्यापासून घड्याळाकडे सगळ्यांचंच लक्ष जायला लागलं. पंधरा दिवसांच्या नोंदी झाल्या की त्याची झेरॉक्स जोडून अर्ज करा, कंपनीच्या नावाने नाही तर वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने, सिव्हिल असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावाने, आणि आवक टेबलवर पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. करार दवाखान्याने, म्हणजे सरकारने केलाय, बिल मंजूर करणारी सही तिथलीच आहे, त्यामुळे काम नीट झालं का बघणं हे त्यांचंच काम आहे. कंपनीला विचारणं तुमचं काम नाही, ते त्यांचं.

आपल्या नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको खरं तर. २१ एप्रिल २०२१ ला डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळाली आणि वीसहून जास्त माणसं गेली, त्या टाकीचं काम ठेक्यावरच दिलेलं होतं. पण दवाखाना महापालिकेचा होता. ज्यांची माणसं गेली त्यांनी ठेकेदाराचा पत्ता शोधत फिरावं असं तेव्हा कोणाच्या मनातही आलं नाही, आणि यायला पण नको.

प्रश्न : सरकारी दवाखान्यात रक्त दिलं, रिपोर्टवर महालॅब लिहून आलंय. म्हणजे प्रायव्हेट लॅबला पाठवलं का? पैसे द्यायचे का?
– एक वाचक, पंचवटी

नाही, एक रुपयासुद्धा द्यायचा नाही. महालॅब ही एचएलएल या कंपनीची सेवा, आणि एचएलएल ही केंद्र सरकारचीच कंपनी आहे, राज्याने २०१७ पासून तपासण्यांचं काम त्यांना दिलंय. म्हणजे इथे ठेका आहे पण ठेकेदारही सरकारीच. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळंच मोफत आहे, प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत. महापालिकेचे दवाखाने त्यात येत नाहीत, तिथे त्यांचे वेगळे दर असतात, ते बोर्डावर बघून घ्या.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आमच्या गावात महिन्यातून दोनदा फिरता दवाखाना येतो, रस्त्यावर उभा राहतो, तासाभरात जातो. पाड्यावरची माणसं पोचेपर्यंत गाडी निघून गेलेली असते. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला आमचं टार्गेट झालं. सरकार या गाडीवर खर्च करतंय, मग हे असं का?
– एक शिक्षक, सुरगाणा तालुका

सर, तुमचं पत्र वाचल्यापासून दोन दिवस मला दुसरं काही सुचलं नाही, कारण तुम्ही ज्या गाडीबद्दल लिहिलंय तसल्याच गाडीत मी आठ वर्षं बसलेय आणि ‘टार्गेट झालं’ हे वाक्य मी स्वतः बोललेली आहे.

आमच्या करारात काय होतं ते सांगते. महिन्यात इतके दिवस गाडी फिरली पाहिजे, दिवसाला दोन गावं, आणि दिवसाची ओपीडी पन्नास, म्हणजे पन्नास पेशंट तपासलेले. बस. गावांची यादी कराराला जोडलेली होती, ती कुठेतरी टेबलावर बसून केलेली, त्यात महसुली गावं होती पण पाडे नव्हते. आता सुरगाण्यात एक गाव म्हणजे काय हे तुम्हाला मी काय सांगणार, एका गावाचे सात पाडे, एक टेकडीवर, एक नदीपलीकडे, एक असा की जिथे मोटरसायकल पण अर्ध्यात ठेवून चालत जावं लागतं. गाडी गावठाणात उभी राहिली की यादीवर टिक झाली. मग पन्नासचा आकडा. तो आकडा कसा भरायचा, तर जवळपासच्या घरांतल्या त्याच त्या आज्या दर पंधरा दिवसांनी यायच्या, गुडघे दुखतात, कंबर दुखते, त्यांना गोळ्या, मलम, रजिस्टर मी लिहायचे. खोटं काही नव्हतं त्यात, आज्यांचे गुडघे खरोखर दुखत होते, आयुष्यभर डोक्यावर पाणी वाहिलेल्या बायका त्या. पण रजिस्टरची पानं उलटली की तीच वीस-पंचवीस नावं पुन्हा पुन्हा दिसायची आणि नदीपलीकडच्या पाड्याचं एकही नाव नाही.

एका पावसाळ्यात आशाताईने निरोप पाठवला की पलीकडच्या पाड्यावर एक मुलगी आहे, पहिलीच खेप, सातवा महिना, जिना चढावा तशी धापा टाकते, सपाटीवर सुद्धा. आम्ही, म्हणजे डॉक्टर, सिस्टर आणि मी, गाडी सोडून चालत निघालो, पाणी ओसरायची वाट बघत काठावर तासभर बसलो, पलीकडे गेलो. तिच्या पापण्या खाली ओढून बघितल्या तर आतून कागदासारख्या पांढऱ्या. हिमोग्लोबिन साडेसहा. चार माणसांनी झोळी करून तिला अलीकडे आणलं, तिथून गाडीने ग्रामीण रुग्णालय, मग सिव्हिल, रक्त चढवलं, पुढे बाळंतपण नीट झालं. महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये आमचा तो दिवस तक्त्यात लाल रंगाने दाखवला होता. ओपीडी ९, टार्गेट ५०. आमच्या संस्थेच्या साहेबांनी विचारलं की त्या दिवशी काय झालं होतं, आम्ही सांगितलं, ते गप्प बसले आणि म्हणाले की बरोबर केलंत पण असं परत परत नाही परवडणार, बिलातून कापतात. चांगला माणूस होता तो. पण करारात पाडा नव्हता, गरोदर बाई नव्हती, हिमोग्लोबिन नव्हतं, ओपीडीचा आकडा होता, आणि त्या आकड्यापुढे चांगल्या माणसाचं पण काही चाललं नाही.

दुसरी गोष्ट तुम्हाला वर्गात दिसत असेलच. दिवाळीनंतर तुमची अर्धी पोरं गायब होतात, आईबापासोबत दिंडोरी, पिंपळगाव, निफाडकडे द्राक्षाच्या बागांवर. पाड्यावर म्हातारी माणसं आणि कोंबड्या राहतात. आमची गाडी त्या महिन्यांत पण त्याच रिकाम्या गावांत जायची, आणि ज्या बायकांच्या गोळ्या संपलेल्या, ज्या लेकरांची लस राहिलेली, ती सगळी बागेच्या कडेला प्लास्टिकच्या झोपडीत. आम्ही एकदा विचारलं होतं की तीन महिने रूट बदलून द्या. उत्तर आलं की यादीत बदल करायला वरून मंजुरी लागेल. मंजुरी येईपर्यंत द्राक्षं संपली.

म्हणून सर, ड्रायव्हरशी वाद घालण्यात अर्थ नाही. करार मागवा. माहिती अधिकारात अर्ज करायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आपल्याकडे अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, उत्तराला तीस दिवस. करारनामा आणि त्याला जोडलेली गावांची यादी, मागच्या सहा महिन्यांची गाडीची लॉगबुकं, आणि या काळात ठेकेदाराच्या बिलातून काही दंड कापला का, कापला असेल तर कशाबद्दल, एवढंच मागा. ‘ही खासगी संस्थेची माहिती आहे’ असं उत्तर येऊ शकतं, पण करार सरकारच्या कपाटात आहे आणि पैसे सरकारी आहेत, तेव्हा पहिलं अपील करा, घाबरू नका. लॉगबुक हातात आलं की तुमच्या गावासमोर किती वाजता आली, किती वाजता गेली, काय लिहिलंय ते बघा आणि तुमच्या डोळ्यांनी बघितलेल्या वेळेशी ताडून बघा. मग ग्रामसभेत ठराव घ्या की गाडी अमुक पाड्याच्या पायथ्याला, बाजाराच्या दिवशी, दोन तास थांबावी, आणि ठरावाची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना. करार नव्याने होताना हे कागद फाईलला लागलेले असतील तर यादी बदलते. मी हे एकदा होताना बघितलंय, एकाच पाड्यासाठी, पण झालं.

प्रश्न : तुम्ही ठेका ठेका म्हणता, सरळ खासगीकरण म्हणा ना. सरकार अंग काढून घेतंय, आणि तुम्ही लोकांना वही ठेवा, अर्ज करा असं शिकवताय. सगळं सरकारनेच चालवायला पाहिजे.
– एक काका, इंदिरानगर

काका, तुमचा राग मला कळतो आणि त्यातला बराचसा मला मान्य पण आहे. ज्या कामाला कायमची माणसं लागतात तिथे अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर सिस्टर राबवणं हे मला कधीच पटलेलं नाही. पण दवाखाना विकणं आणि दवाखान्यातलं एखादं काम कोणाकडून करून घेणं या दोन गोष्टी मी एकात घालणार नाही. पहिल्यात पेशंट पैसे देतो. दुसऱ्यात पेशंटने पैसे द्यायचेच नसतात, सरकार देतं, आणि म्हणून सरकारला जाब विचारता येतो.

१०८ नंबरच्या ॲम्ब्युलन्सचंच बघा. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये सुरू झाली, ९३७ गाड्या, त्यातल्या २३३ जास्त सोयीच्या, चालवायचं काम खासगी कंपनीला. त्याआधी पेठच्या घाटात अपघात झाला तर जीप थांबवायला रस्त्यात आडवं उभं राहावं लागायचं, ते दिवस मी पाहिलेत. आजही गाडी उशिरा येते अशा तक्रारी असतात, दुर्गम भागात जास्तच, पण गाडी येते, तिच्यात डॉक्टर असतो, हे खोटं नाही.

कर्नाटकात करुणा ट्रस्टने १९९६ मध्ये गुंबळ्ळीचं प्राथमिक आरोग्य केंद्र सरकारकडून चालवायला घेतलं. डॉ. एच. सुदर्शन यांची संस्था, ते स्वतः बिळिगिरी रंगनच्या डोंगरात आदिवासींमध्ये आधीपासून काम करत होते. इमारत सरकारची, खर्चाचा मोठा भाग सरकारचा, आणि डॉक्टर तिथेच राहायचा, चोवीस तास. पुढे त्यांना अजून केंद्रं मिळाली, अगदी अरुणाचलपर्यंत. ते जमलं कारण ती माणसं ठेका मिळायच्या आधीपासून तिथे होती, ठेका संपला तरी तिथेच राहणार होती.

आणि उलटं उदाहरण पण सांगते. गुजरातने २००५ मध्ये चिरंजीवी योजना आणली, खासगी प्रसूतितज्ज्ञांना शंभर बाळंतपणांचे मिळून १,७९,५०० रुपये, सिझर असो की नॉर्मल, सरसकट. विचार चांगला होता, उगाच सिझर करायचं कारण उरू नये म्हणून. देशभर कौतुक झालं. पण २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये अभ्यास आला, त्यात असं दिसलं की दवाखान्यातली बाळंतपणं योजनेमुळे वाढली असं म्हणता येत नाही, ती तशीही वाढतच होती. शिवाय दर सरसकट म्हटल्यावर अवघड केस घ्यायला डॉक्टर मागेपुढे बघणारच, शंभराच्या हिशोबात ती केस महाग पडते.

कंबोडियात १९९९ पासून काही जिल्ह्यांची आरोग्यसेवाच संस्थांकडे दिली होती, लसीकरण आणि गरोदर बायकांची तपासणी तिथे इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त वाढली. पण त्या जिल्ह्यांवर माणशी खर्चही जास्त झाला होता, हे सांगताना लोक ती बाजू गाळतात. त्यामुळे काका, ‘ठेका दिला की सुधारतं’ हेही मी म्हणणार नाही. मला जे दिसलंय ते एवढंच की करारात काय मोजायचं ठरलं आणि ते मोजायला सरकारचा कोणी जागचा उठून गेला का, यावर सगळं येऊन थांबतं. ज्या खात्याकडे स्वतःची केंद्रं बघायला माणूस नाही त्याच्याकडे ठेकेदाराची गाडी बघायला कुठून येणार? आमच्या गाडीची आठ वर्षांत प्रत्यक्ष गावात येऊन तपासणी तीनदा झाली, त्यातल्या दोनदा आधी फोन आला होता. म्हणून सरकारने माणसं भरली पाहिजेत ही तुमची मागणी ठेक्याला पर्याय म्हणून नाही, ठेका चालला तरी पण लागणारच आहे. ती मागणी तुम्ही सोडू नका, मी पण सोडलेली नाही.

प्रश्न : महात्मा फुले योजनेत असलेल्या खासगी हॉस्पिटलने सासऱ्यांच्या ऑपरेशनआधी वीस हजार डिपॉझिट मागितलं. योजना आहे म्हटलं तर म्हणाले मंजुरी येईपर्यंत भरा, तपासण्या योजनेत बसत नाहीत.
– एक वाचक, नाशिकरोड

भरू नका, आणि भरले असतील तर पावती सांभाळा. योजनेतलं हॉस्पिटल म्हणजे सरकारशी करार केलेलं हॉस्पिटल, आणि मंजूर पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, ऑपरेशन, जेवण आणि डिस्चार्जनंतरचं दाखवणं हे सगळं धरलेलं असतं. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं टेबल असतं, बहुतेक रिसेप्शनच्या जवळ, पैसे भरायच्या काउंटरला जायच्या आधी तिथे जा, रेशनकार्ड आणि आधार दाखवा, आजार योजनेच्या यादीत बसतो का विचारा. बसत असेल आणि तरी पैसे मागितले तर योजनेच्या हेल्पलाइनवर, १५५३८८ ला, तिथूनच, त्यांच्यासमोर फोन लावा आणि तक्रार नंबर लिहून घ्या. कोणी किती मागितले ते चिठ्ठीवर लिहून द्या म्हणावं, बहुतेक वेळा लिहून द्यायची वेळ आली की मागणी मागे घेतात. यादीतच बसत नसेल तर मात्र वेगळं, मग धर्मादाय हॉस्पिटलच्या राखीव खाटांचं बघावं लागेल, त्यावर पुढच्या अंकात लिहिते.

प्रश्न : आमची छोटी संस्था आहे, बारा वर्षं कुपोषणावर काम करतोय. आता सरकारी प्रकल्प चालवायला घ्या असं विचारणं आलंय. पैसा मोठा आहे, आमच्यात दोन मतं पडलीत. घ्यावा का?
– एक कार्यकर्ता, इगतपुरी तालुका

दादा, घ्या किंवा घेऊ नका हे मी लांबून सांगणं बरोबर नाही, पण सही करायच्या आधी ज्या गोष्टी आम्हाला कोणी सांगितल्या नव्हत्या त्या सांगते.

पैसे उशिरा येतात. पहिला हप्ता वेळेवर येतो, लोकांना वाटतं जमलं, मग दुसऱ्यासाठी खर्चाचं प्रमाणपत्र, ऑडिट, मग कोणाची तरी बदली, मग मार्च. आमचे एकदा पाच महिने पगार झाले नव्हते, ड्रायव्हरदादाने बायकोची पोत गहाण ठेवून गाडीत डिझेल घातलं, त्याला वाटलं आपल्यामुळे गावाचा वार चुकायला नको. हे मला त्यानंतर दोन वर्षांनी कळलं. चार-सहा महिने स्वतःच्या बळावर पगार देता येतील एवढी शिल्लक संस्थेकडे नसेल तर तो भार शेवटी असल्याच माणसांवर पडतो, आणि तो त्यांना विचारून पडत नाही.

दुसरं, करारातलं मोजमाप तुम्ही सुचवा. कुपोषणात तुमची बारा वर्षं गेलीत, किती मुलांची वजनं घेतली यापेक्षा किती मुलं तीव्र कुपोषणातून बाहेर आली आणि सहा महिन्यांनी तशीच राहिली, हे मोजायला तुम्हीच सांगू शकता, साहेबांना ते सुचणार नाही कारण त्यांनी ती मुलं बघितलेली नाहीत. स्थलांतराच्या महिन्यांत यादी बदलायची मुभा आधीच लिहून घ्या. आणि ‘संस्थेने शासनाच्या विरोधात जाहीर बोलू नये’ अशा अर्थाचं काही असेल तर ते काढायला सांगा, रेशन मिळालं नाही म्हणून मोर्चा काढायची वेळ आली तर तुम्हाला जाता आलं पाहिजे, नाहीतर ज्या बायकांनी तुम्हाला बारा वर्षं घरात घेतलं त्या पुढच्या वेळी दार उघडताना विचार करतील.

आणि करार संपताना काय करायचं, ते पण. आमचा ३१ मार्चला संपला. गाडी जमा केली, चावी दिली, सही घेतली, उरलेल्या औषधांची यादी करून दिली. रजिस्टरं मात्र कोणी मागितलीच नाहीत, दोन पत्र्याच्या पेट्या भरून, आठ वर्षांची, कोणाला बीपी, कोणाला शुगर, कोणाला मिरगी, कोणती गोळी किती. नवीन टेंडर निघून नवीन संस्था यायला बरेच महिने गेले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मला बाऱ्ह्याकडच्या एका मावशींचा फोन आला, नातवाच्या मोबाईलवरून, म्हणाल्या, ताई, बीपीची गोळी चार दिवस झाले संपली, गाडी कधी येणार, मी रस्त्यावर येऊन बसते. मी त्यांना उपकेंद्रात जा म्हटलं, तर त्या म्हणाल्या तिथली सिस्टर मला ओळखत नाही, कोणती गोळी ते मला सांगता येत नाही, तुम्ही पांढरी पट्टी द्यायच्या ती.

तेव्हा शेवटचे तीन महिने हस्तांतराचे, पेशंटची यादी गोळीच्या नावासकट उपकेंद्राला, प्रत्येकाच्या हातात निदान दोन महिन्यांच्या गोळ्या, आणि तुमच्या ताईने सिस्टरला घेऊन घरोघरी एकदा फिरायचं, एवढं कलम घालून घ्या. नसेल घालून देत तरी यादी स्वतः लिहा आणि सिस्टरच्या हातात नेऊन द्या.